कार्तिकातले घर



आषाढीला आपण भिजतो आणि कार्तिकीला कुडकुडतो. एकादशीच्या पहाटे चंद्रभागेत पाय घातला की थंडी पोटरीपर्यंत चढते आणि यंदाचा हिवाळा आला हे तिथेच कळते. त्या घटकेला तुमच्या घरी काय चाललेले असते? गोठ्यात कोण उठले आहे, चूल कोणी पेटवली आहे? वारीचा इतिहास सांगताना पालखी कोणी सुरू केली, कोणती दिंडी कितव्या क्रमांकाची, हे आपण न अडखळता सांगतो. वारकरी ज्या घरातून निघाला त्या घराचे वर्णन मात्र कीर्तनात फारसे येत नाही. म्हणून आज तुम्हाला थोडा वेळ मागे, उंबऱ्याच्या आत नेतो.

पंढरपूर-मंगळवेढ्याचा काळ्या रानाचा पट्टा घ्या. इथले मुख्य पीक रब्बीची ज्वारी. पावसाळाभर हे रान पेरत नाहीत. कुळवाच्या पाळ्या घालून मोकळे ठेवतात, जमिनीत ओल साठू देतात आणि हस्ताच्या पावसावर तिफण धरतात. त्यामुळे आषाढात या भागातला शेतकरी त्या मानाने रिकामा असे. रान मोकळे, तसा माणूसही मोकळा. कार्तिकात गोष्ट उलटी होते. ज्वारी गुडघ्याला लागलेली असते, पाऊस संपलेला असतो, आणि पुढचे तीन महिने त्या पिकाला जमिनीतली ओल व पहाटेचे दव एवढ्यावरच काढायचे असतात. काळी जमीन वाळू लागली की भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. त्या भेगा बुजवायला कोळपे फिरवावे लागते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जुने लोक म्हणत ते यामुळेच. आठ दिवस उशीर झाला तर माघात कणीस लहान भरते.

आणि नेमके त्याच आठवड्यात प्रबोधिनी एकादशी! ज्या वर्षी त्याआधी अधिक मास पडतो त्या वर्षी ती नोव्हेंबरच्या अखेरीस येते, तेव्हा कोळपणी उरकलेली तरी असते. एरवी दोन बैलांचे, पाच-सात एकरांचे घर दर कार्तिकात एकाच पेचात सापडे. धन्याने जायचे की राहायचे?

या घराचा दिवस कसा असे ते पाहा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगाव काकडा चालतो हे तुम्हाला सांगायला नको. पहाटे चारला देवळात टाळ वाजले की घरातला माळकरी घोंगडी पांघरून निघे. त्याच वेळी, कधी त्याच्याही आधी, घरातली बाई जात्यावर बसलेली असे. सात-आठ खाणारी तोंडे असली तर रोज पायलीभर दळण आलेच, आणि त्याला दीड-दोन तास लागत. खरिपाची बाजरी नुकतीच खळ्यावरून आलेली असे. थंडीत बाजरीची भाकरी अंगाला ऊब देते. पण बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही, कडू होते. म्हणून दळण रोजचे रोज. देवळात अभंग चाले आणि घरात जात्यावर ओवी, दोन्हीत नाव पांडुरंगाचेच. देवळातले अभंग वह्यांत उतरले, पुढे छापले गेले. जात्यावरचे हवेत गेले. ते टिपून ठेवायचे मोठे काम १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडे बसून केले, आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पंढरीच्या वाटेवर आयुष्यात मोजक्याच वेळा गेलेल्या बायकांनीही विठ्ठलावर इतक्या ओव्या गायिल्या होत्या.

उजाडले की शेणी थापायच्या. पावसाळ्यात शेणी वाळत नाहीत, त्यामुळे दिवाळीनंतरचे कोरडे ऊन म्हणजे वर्षभराच्या सरपणाची सोय. गोठ्याच्या उघड्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या रचून वारा अडवायचा. जुन्या लुगड्यांच्या वाकळा उन्हात टाकायच्या. घोंगडी मात्र विकत घ्यायची वस्तू. मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली, नवी असताना अंगाला टोचणारी. लहान शेतकऱ्याच्या घरात ती एक किंवा दोन, आणि वारीला निघणारा त्यातली एक नेई. राहिलेली मुले वाकळेत एकमेकांना चिकटून झोपत. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी परसात लगडलेली असत आणि पोरे द्वादशीची वाट पाहत. आमच्याकडे तर चंपाषष्ठीपर्यंत थांबवत. असो.

हे सगळे आपल्या संतांना ठाऊक होते, कारण ते अशाच घरांतले. गोपाळपूरला जनाबाईंचे जाते दाखवतात, तुम्ही त्याला हात लावून आला असाल. दामाशेटींच्या घरची ही दासी. दळणकांडण, शेणगोवऱ्या ही तिची कामे, आणि त्या कामांत देव हात लावायला येतो असे तिने गायिले. माढा तालुक्यातल्या अरणच्या सावतोबांचे तर सगळेच मळ्यात. शके १२१७ मध्ये, म्हणजे १२९५ साली, त्यांनी देह ठेवला तोही अरणलाच. ते पंढरीला गेले नाहीत, पांडुरंगच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. वाफ्याला पाणी सोडलेले असताना माळी निघून गेला तर रोप जळते, हे ज्याने मळा केला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. आपण ही कथा भक्तीची थोरवी म्हणून ऐकतो आणि ती तशी आहेच. मला मात्र तिच्यात तो कार्तिकातला पेचही दिसतो. घरी सासरची माणसे आली आणि सावतोबा भजनात रमले म्हणून पत्नी रागावली, अशीही एक कथा सांगतात. पाहुण्यांना पाणी कोणी द्यायचे, हा प्रश्न त्या माउलीला पडला यात तिचे काय चुकले?

जिजाईंविषयी थोडे थांबून बोलायला हवे. चरित्रांनी आणि सिनेमांनी त्यांना कजाग करून ठेवले आहे. कीर्तनकार हुकमी हशा मिळवायचा असला की आवलीला पुढे आणतो. प्रसंग काय होता ते मात्र आठवत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे घर बसले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. त्या घरात जिजाई मागे उरल्या. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर असताना त्या भाकरी घेऊन चढत, ही कथा सगळे सांगतात. ती भाकरी ज्या पिठाची, ते पीठ कुठून आले असेल याचा विचार करा. सावकारीची खते तर इंद्रायणीत गेलेली!

पुढे तुकोबांचे वैकुंठगमन झाले १६५० मध्ये. त्या वेळी जिजाई गरोदर होत्या आणि नारायणबाबा त्यानंतर जन्मले, असे परंपरेने सांगितले जाते. बापाचे तोंड न पाहिलेले ते मूल जिजाईंनी वाढवले. याच नारायण महाराजांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. ‘ज्ञानोबा तुकाराम’ हा जो गजर आज तुमच्या तोंडी आहे त्याच्या पालखीचा उगम त्या विधवेच्या घरात आहे. मधल्या पस्तीस वर्षांत तिथे किती हिवाळे आले, कोणी दळले, कोणी लाकूडफाटा आणला, याची बखर नाही. पुढच्या वेळी आवलीवर हशा आला तर एवढे आठवा, इतकीच विनंती.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. आमचे गाव पंढरपूरपासून एका दिवसाच्या चालीवर. आजोबांची कार्तिकी कधी चुकली नाही. दशमीला ते निघत, द्वादशीचे पारणे वाटेत सोडून बुक्का, चुरमुरे आणि बाजारात पाहिलेल्या खिलार बैलांच्या गप्पा घेऊन परतत. एका वर्षी, गावात पिठाची गिरणी यायच्या आधी, कोळपणी अर्धी राहिलेली असताना ते गेले. आजीने दिरांकडून बैल जुंपून घेतले आणि राहिलेले रान स्वतः कोळपले. बाईने कोळपे धरले म्हणून शेजारच्या बांधावरून लोक हसले. आजोबा आले, रानात गेले, बुजलेल्या भेगा पाहिल्या आणि काही बोलले नाहीत.

पुढच्या कार्तिकात दशमीच्या आदल्या रात्री ते म्हणाले, “औंदा तू जा पंढरीला. कोळपं मी बघतो.”

आजी म्हणाली, “अन् गाय? दिवस भरल्यात तिचे.”

“गाय बी बघतो.”

आजी गेली. नवी घोंगडी तिला दिली होती. एकादशीला पहाटे स्नान केले, नामदेव पायरीवर डोके ठेवले, कळसाला हात जोडले. दर्शनाची रांग फार लांब होती, आणि गाय डोळ्यांपुढून हलेना. दुपारीच ती माघारी फिरली. रात्री घरी पोचली तर गाय उभीच होती, अजून व्यायची होती. मुले झोपलेली. सकाळी पारण्याच्या भाकरी करायच्या म्हणून तिने पिठाच्या डब्यात हात घातला.

“कुणी दळलं हे?” तिने विचारले. “भाकरी थापायची का रवा चाळायचा?”

आजोबा गाईला बघून येतो म्हणून गोठ्यात गेले.