अधिक महिना, क्षय तिथी आणि नांदगावचे गणेश दैवज्ञ



२०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. अशा वर्षी पर्युषण कधी, हा प्रश्न दरवेळी उठतो. काही गच्छ आषाढी चौमासीपासून ५० दिवस मोजून दुसऱ्या श्रावणात पर्युषण करतात, तर काही भाद्रपदच धरतात. घरात सासरचा एक गच्छ आणि माहेरचा दुसरा असेल, तर अठ्ठाई कधी धरायची, हेही कोडंच होतं. या कोड्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

बारा चांद्रमासांचे दिवस होतात ३५४, आणि सूर्याचं वर्ष सव्वा तीनशे पासष्टचं. दरवर्षी ११ दिवस मागे पडतात. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना वाढवतात, नाहीतर दिवाळी सरकत सरकत भर उन्हाळ्यात आली असती.

आपल्या सूर्यप्रज्ञप्ती आगमातला हिशोब मोठा नेटका आहे. पाच वर्षांचं एक युग, त्याचे १८३० दिवस, म्हणजे वर्ष ३६६ दिवसांचं. युगात चांद्रमास ६२. त्यातले दोन अधिक, एक पौष आणि एक आषाढ. म्हणजे या गणितात चातुर्मासाच्या आत अधिक महिना येतच नाही! दर ६१ दिवसांनी एका तिथीचा क्षय होतो, वृद्धी मात्र कधीच नाही.

पण खरं वर्ष ३६६ दिवसांपेक्षा सुमारे पाऊण दिवसाने लहान आहे. हा पाऊण दिवस साठत गेला, तर चाळीस वर्षांत महिनाभराचा फरक पडतो. त्यामुळे पुढे आपले संघही प्रचलित पंचांग वापरू लागले, आणि श्रावण-भाद्रपदही अधिक येऊ लागले. ५० दिवसांचा वाद इथूनच सुरू होतो.

असा घोळ युरोपातही झाला. दर चार वर्षांनी एक लीप वर्ष, हा तिथला जुना नियम. त्यात वर्ष फक्त ११ मिनिटांनी मोठं धरलं जात होतं. तरी १५८२ पर्यंत दहा दिवस जास्त झाले. पोप ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर केला. शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात असेल तरच लीप, हा नियमही तेव्हाचाच. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं. आता सुमारे तीन हजार वर्षांत एका दिवसाची चूक पडेल.

आपल्याकडचा धागा तर अगदी जवळचा आहे. कर्नाळ्याच्या सुळक्याखालून जाणारा रस्ता पेणकडे उतरतो. तिथून अलिबागमार्गे मुरूडकडे गेलं की नांदगाव लागतं. तिथल्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या-कोज्यांची किचकट आकडेमोड टाळून ग्रह काढण्याची रीत त्यांनी दिली. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशात वेध घेणारे. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे तीनशेहून अधिक वर्षं याच ग्रंथावर चालली.

पण एवढ्या काळात आकाश आणि कागद यांत अंतर पडलंच. १८६५ मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांशी जुळणारं पंचांग सुरू केलं, ते पटवर्धनी पंचांग. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनीही शुद्ध पंचांगाचा आग्रह धरला. टिळक पंचांग आजही निघतं. राशिचक्राचा आरंभबिंदू वेगळा धरल्यामुळे त्यात संक्रांत काही दिवस पुढेमागे येते, आणि कधी कधी अधिक महिनाही वेगळा पडतो.

म्हणून दोन पंचांगं जुळली नाहीत, तर एक खोटं असं समजू नका. गणिताचा आरंभ वेगळा असतो, किंवा गाव वेगळं असतं. सूर्योदयाला असलेली तिथी आपण पाळतो, आणि सूर्योदय गावागणिक बदलतो. घरासाठी दोन गोष्टी नक्की करा. चातुर्मासाच्या आधीच आपल्या संघाचं एक पंचांग ठरवून तेच शेवटपर्यंत पाळा, आणि चौविहारासाठी सूर्यास्ताची वेळ दुसऱ्या शहराची न घेता पनवेलचीच बघा.

आगमकारांनी मोजलं, दैवज्ञांनी सुधारलं, छत्र्यांनी पुन्हा तपासलं. सासूबाईंची संवत्सरी आणि आपली संवत्सरी महिनाभराच्या अंतराने आली, तरी ‘मिच्छामि दुक्कडम्’ दोन्ही दिवशी म्हणता येतं.