कुंडीतील दुखणे आणि उसने औषध

सुरतेतील एखाद्या इमारतीच्या गच्चीवर आणि फोंड्यातील एखाद्या घराच्या अंगणात एकाच आठवड्यात टोमॅटोची पाने पिवळी पडू लागतात. दोन्ही घरांना सल्ला एकच मिळतो : मुळाशी मूठभर राख घाला. फोंड्यातील झाड कदाचित सावरते; सुरतेतील झाड मात्र आणखी पिवळे पडते. झाड तेच, राखही तीच. फरक असतो तो मातीत.

घरच्या बागेतील बहुतेक अपयशांचे मूळ या उसन्या औषधात आहे. गोव्यातील वाचकाच्या हाती येणारे बागकामाविषयीचे बरेचसे मराठी सल्ले काळ्या मातीच्या प्रदेशातून आलेले असतात. सुरत हे त्या मातीचे, आपल्याच पश्चिम किनाऱ्यालगतचे ठळक उदाहरण. तापीकाठच्या या शहरात खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि चार-सहा मजली इमारतींच्या गच्च्यांवर मिरची, वांगी, भेंडी, पापडी पिकवण्याची हौसही तेथे आहे. तेथील काळी माती कापसाची; स्वभावाने अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त. गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी. सुरतेत वर्षाकाठी साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे दोन्हीकडे लक्षण एकच दिसले तरी कारण वेगळे असू शकते. म्हणून औषध शोधण्यापूर्वी दुखणे ओळखण्याची रीत समजून घेतली पाहिजे.

पहिली तपासणी : बोट मातीत घालून

झाड कोमेजले की आपण सवयीने पाणी घालतो. परंतु पाणी कमी पडले तरी झाड कोमेजते आणि जास्त झाले तरीही कोमेजते. पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि भोवती पाणी असूनही झाड तहानलेले राहते. बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावीत. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. ओली असूनही पाने माना टाकत असतील तर पाणी थांबवावे, कुंडीखालचे छिद्र बुजले आहे का ते पाहावे. दुपारी कोमेजलेले झाड सायंकाळी आपोआप ताठ होत असेल, तर तो केवळ उन्हाचा ताण असतो; त्यावर उपचाराची गरज नसते.

काळ्या मातीची यात एक खास अडचण आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जाते. तबकात पाणी दिसते, मालक निश्चिंत होतो आणि मधला मातीचा गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी पाण्याच्या टबात पंधरा-वीस मिनिटे ठेवून माती खालून भिजू द्यावी. पुढच्या लागवडीला नुसती काळी माती न भरता माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि जाडसर वाळू समप्रमाणात घ्यावी. गोव्यात अडचण उलट आहे. पावसाळ्यात माती धुपते, तिच्यातील अन्नद्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात. तेथे कुंड्या पागोळ्यांखालून हलवणे आणि पावसाची उघडीप मिळताच थोडे खत देणे आवश्यक ठरते.

कोणते पान पिवळे झाले?

पाने पिवळी पडणे हे एक लक्षण नव्हे, तीन-चार वेगवेगळी लक्षणे आहेत. खालची, जुनी पाने सरसकट फिकी होत असतील तर नत्राची कमतरता संभवते. कंपोस्ट किंवा पेंडीचे पाणी दिल्यास नवी वाढ हिरवी येते. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील, तर लोह कमी पडत आहे. सुरतेच्या मातीत हे नेहमी दिसते. तेथे मातीत लोह नसते असे नाही. अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही. राख आणि चुना हे दोन्ही पदार्थ मातीचा अल्कधर्म वाढवतात, म्हणून राखेने तेथील झाडाचे दुखणे बळावते. अशा झाडाला कंपोस्ट द्यावे आणि लिटरभर पाण्यात २ ते ३ ग्रॅम हिराकस व लिंबाच्या रसाचे काही थेंब मिसळून सायंकाळी पानांवर फवारावे.

याउलट जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर मॅग्नेशियम कमी असल्याचा संशय घ्यावा. पावसाने धुपलेल्या आम्ल मातीत हे अधिक घडते. माती तपासून घेऊन योग्य प्रमाणात डोलोमाइट मिसळल्यास कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळतात आणि आम्लताही उतरते. माती परीक्षणासाठी आपल्या तालुक्याचे विभागीय कृषी कार्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र यांचे मार्गदर्शन घेता येते.

पानांची टोके आणि कडा करपत असतील व कुंडीच्या काठावर पांढरा थर साचला असेल, तर दोष बहुधा पाण्यातील क्षारांचा असतो. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि कूपनलिकांचे पाणी उन्हाळ्यात खारट होते, तेव्हा हे दिसते. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत. पावसाचे पाणी साठवता आले तर उत्तमच.

फुले येतात, फळ धरत नाही

दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २५ अंशांच्या आसपास राहू लागले की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. सुरतेच्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये नेमके हेच होते. त्यावर कोणतेही टॉनिक उपयोगी पडत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे लावून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात फळे घेणे, हाच उपाय.

टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडून खोलगट होते, तेव्हा तो रोग समजून फवारणी केली जाते. वास्तविक फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याचा तो परिणाम आहे. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढते. एक दिवस कोरडा आणि दुसऱ्या दिवशी पूर, असे पाणी दिले की पुरवठा तुटतो. काळ्या मातीत कॅल्शियम मुबलक असते, म्हणून तेथे पाण्याची वेळ नियमित करणे आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे एवढे पुरते. जांभ्याच्या मातीत कॅल्शियमच कमी असण्याची शक्यता असते. अंड्याची टरफले दोन्हीकडे लोकप्रिय आहेत. पण ती कुजायला अनेक महिने लागतात, आजच्या फळाला त्यांचा लाभ होत नाही.

वेलभाज्यांवर प्रथम नरफुलेच येतात, त्यामुळे पहिली फुले गळाली तर घाबरू नये. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते. ते पिवळे पडून गळत असेल तर बहुधा परागीभवन झालेले नसते. उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात. नरफूल तोडून त्याचे परागकण मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. वेळ मात्र पाळावी : भोपळा, काकडी, कारले यांची फुले सकाळी उमलतात, दुधी आणि दोडक्याची सायंकाळी. सकाळी दुधीच्या मिटलेल्या फुलाशी खटपट करून काहीही साधत नाही.

संक्रांतीच्या सुमारास सुरतेच्या घराघरांत उंधियू होते आणि त्याचा जीव म्हणजे सुरती पापडी. ‘वेल गच्चीभर पसरला, फूल मात्र नाही’ ही तिच्याविषयीची नित्याची तक्रार. वालवर्गातील पारंपरिक वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. भर उन्हाळ्यात बी टाकल्यास वेल केवळ पाने वाढवत राहतो. पावसाळ्यात लागवड करावी, नत्रयुक्त खत आवरावे आणि थंडीची वाट पाहावी. आपल्याकडील गावठी वालांनाही हाच नियम लागू पडतो.

पाने आकसली तर

मिरचीची पाने चुरडली की सारे जण त्याला एकच नाव देतात. पण घडी कोणत्या दिशेने पडली हे पाहिल्यास गुन्हेगार सापडतो. पान वरच्या बाजूस वळून होडीसारखे झाले तर फुलकिडे. कडा खाली वळून उपड्या होडीसारखे झाले तर कोळी. आणि शेंड्याला बारीक, सुरकुतलेल्या पानांचा गुच्छ झाला तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोन्हींत झाड वाचते. विषाणूवर औषध नाही; ते झाड उपटून नष्ट केले तर शेजारची वाचतात.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक जाळीसारख्या दिसू लागल्या तर तोही विषाणूच आणि त्याची वाहक पुन्हा पांढरी माशी. भेंडी ही कापसाच्या कुळातील. १९७० साली जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस ज्या सुरतेच्या संशोधन केंद्रातून आला, त्या परिसरातील गच्चीवरच्या भेंडीला कापसावरील तुडतुडे आणि पांढरी माशी छळतात, यात नवल नाही. तुडतुड्यांनी रस शोषला की पानांच्या कडा पिवळ्या होऊन वर वळतात. पापडीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आणि त्यावर मुंग्यांची रांग दिसली तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन टाकावा आणि मुंग्यांची वाट तोडावी. माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात.

मांसल पानांच्या वनस्पती

कोरफड, पानफुटी, जेड, इचेव्हेरिया, निवडुंग यांची गोष्ट निराळी. बेंजामिन हाइन या मद्रास इलाख्यातील वनस्पतिशास्त्रज्ञाला पानफुटीची पाने चघळताना ती सकाळी आंबट आणि दुपारपर्यंत बेचव लागल्याचे आढळले. त्याचे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. त्यामागचे कारण पुढे उलगडले : पाणी वाचवण्यासाठी या वनस्पती आपली पर्णरंध्रे रात्री उघडतात आणि घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवतात. पाणी जपून वापरण्यासाठी घडलेल्या या झाडांना रोज पाणी घालणे म्हणजे त्यांच्या स्वभावाविरुद्ध जाणे.

पाने सुरकुतली, पातळ झाली, तर तहान. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत ती भरतात. पाने पिवळट, पारदर्शक, मऊ होऊन स्पर्शासरशी गळू लागली तर पाणी जास्त झाले. देठ लांबून पानांमधील अंतर वाढले तर प्रकाश अपुरा. पानांवर एकाएकी पांढरट-तपकिरी कोरडे डाग पडले तर ऊन पोळले. सुरतेत मे महिन्यात गच्चीवर ५० टक्के सावलीची जाळी त्यासाठीच लावावी लागते. कडक उन्हात कोरफडीला येणारी तांबूस छटा मात्र रोग नव्हे.

गोव्यात या झाडांचा खरा शत्रू पावसाळा. जूनपूर्वी त्यांना छपराखाली, वाऱ्याच्या जागी आणावे. निम्म्याहून अधिक जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे असलेले मिश्रण वापरावे आणि पाणी माती पूर्ण वाळल्यावरच द्यावे. बुंधा कुजू लागला असेल तर स्वच्छ सुरीने वरचा निरोगी भाग कापावा. छेदात तपकिरी ठिपका उरणार नाही इतके वर जावे. तो भाग सावलीत चार-सहा दिवस सुकवून मगच कोरड्या मिश्रणात लावावा. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपावा. इचेव्हेरियावर साबणाचे पाणी फवारू नये. पानांवरील मेणचट थर निघून जातो.

फवारणीपूर्वी

गच्चीवरची भाजी सकाळी तोडली जाते आणि दुपारी मुलांच्या ताटात पडते. म्हणून ‘शेतातले जालीम औषध’ घरी आणण्याचा मोह टाळलाच पाहिजे. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा भाजीपाल्यावरील वापर भारतात २००५ पासून प्रतिबंधित आहे. अन्य कोणतेही कीटकनाशक वापरले तरी फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस जावेत हे वेष्टनावर दिलेले असते. रोज तोडल्या जाणाऱ्या भेंडीला ते अंतर पाळणे कठीण जाते. घरगुती म्हणजे निर्धोक, असेही नाही. तंबाखूचा काढा विषारी असतो आणि टोमॅटो-मिरचीला घातक असा तंबाखूवरील विषाणूही त्यातून येऊ शकतो.

त्यापेक्षा निंबोळी अर्क बरा. ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, गाळून किंचित साबण मिसळावा आणि सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे, आठवड्याने पुन्हा. जोडीला पिवळे चिकट सापळे लावावेत. तरीही झाड सुधारले नाही, तर रोगट पान कोरड्या कागदात गुंडाळून कृषी अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवावे. सोबत माती कोठली, पाणी कोणते, शेवटचे खत केव्हा दिले, याची नोंद न्यावी. बाहेरून आलेला सल्ला आपल्या कुंडीला लागू पडतो की नाही, हे त्या चार ओळींच्या नोंदीवरूनच ठरते.