मुक्तस्रोत चौकट आणि तिचा लोकसमुदाय : ‘फ्रॅपे’च्या वाटचालीचा विचार

संगणकीय आज्ञावलींचा इतिहास बहुधा यंत्रांचा व कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मुक्तस्रोत आज्ञावलींच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. अशा आज्ञावलीची संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते व पुढे देता येते. त्यामुळे ती कोणी रचली या प्रश्नाइतकाच, ती कोणी आपलीशी केली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मुंबईत जन्मास आलेल्या ‘फ्रॅपे’ या वेब फ्रेमवर्कचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

वेब फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळे व त्यांवर चालणारे व्यवहार रचण्याची तयार चौकट. माहिती साठविणे, प्रपत्रे दाखविणे, कोणास काय पाहण्याचा अधिकार आहे हे ठरविणे, ही कामे प्रत्येक प्रकल्पात नव्याने करावी लागू नयेत, हा तिचा हेतू होय. इसवी सन २००५ च्या सुमारास अशा चौकटींचा काळ सुरू झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झालेली ‘जँगो’ ही चौकट याच वर्षी सर्वांसाठी खुली झाली. योगायोग असा की फ्रॅपेचा आरंभही २००५ मध्येच झाला. तिचे कर्ते ऋषभ मेहता हे शिक्षणाने औद्योगिक अभियंते. कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाचा कारभार संगणकावर आणण्याच्या खटपटीतून ते आज्ञावलीलेखनाकडे वळले. एक चौकट वृत्तपत्राच्या गरजेतून जन्मली, दुसरी कारखान्याच्या हिशेबातून. दोन्ही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेबाहेरच्या.

फ्रॅपेमागील मूळ कल्पना भाषाभ्यासकास विशेष उद्बोधक वाटावी अशी आहे. मजकूर पडद्यावर कसा दिसावा एवढेच न सांगता त्याचा अर्थ काय हेही नोंदविले जावे, हा ‘सिमँटिक वेब’चा विचार तिच्या मुळाशी आहे. या चौकटीत ‘डॉकटाइप’ ही मूळ संज्ञा होय. ‘ग्राहक’, ‘बीजक’, ‘साठा’ अशा वस्तूचे वर्णन एकदा केले, तिची क्षेत्रे व अधिकार नेमून दिले, की माहितीचा तक्ता, प्रपत्र, यादी आणि अन्य प्रणालींशी संवादाचे द्वार ही सर्व त्या वर्णनातूनच निष्पन्न होतात. रूपापूर्वी अर्थ, असा हा क्रम आहे. तिच्यावर उभी राहिलेली पहिली मोठी रचना म्हणजे ‘ईआरपीनेक्स्ट’ ही उद्योगव्यवस्थापनाची प्रणाली. तिच्यात अशा सातशेहून अधिक वस्तुप्रकारांची नोंद झाली. २००८ मध्ये मेहता यांनी ‘वेब नोट्स टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी स्थापन केली. तिलाच पुढे ‘फ्रॅपे टेक्नॉलॉजीज’ हे नाव मिळाले.

तथापि उत्तम रचना म्हणजे समुदाय नव्हे. व्याकरण लिहिल्याने भाषा पसरत नाही. ती बोलणाऱ्यांमुळे पसरते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु त्याला बळ आले ते ते शिकविणाऱ्या शिक्षकांमुळे व शाळांमुळे. चौकटीचेही तसेच आहे. तिच्या प्रसाराची कारणे शोधू गेल्यास तीन गोष्टी प्रामुख्याने दिसतात.

पहिली गोष्ट परवान्याची. फ्रॅपे ही चौकट ‘एमआयटी’ परवान्याखाली, तर ईआरपीनेक्स्ट ‘जीपीएल’च्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिली गेली. पहिला परवाना उदार आहे : चौकट घेऊन कोणी आपली बंदिस्त आज्ञावली रचली तरी त्यास आडकाठी नाही. दुसरा परवाना बंधन घालतो : सुधारित प्रणाली दुसऱ्यास दिली, तर तिची संहिताही त्याच अटींवर द्यावी लागते. एकाने दार सताड उघडले, दुसऱ्याने घरातील वस्तू घरच्याच राहतील याची तजवीज केली. अनोळखी माणसाने आपले श्रम का द्यावेत, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत नसून अशा अटींच्या स्पष्टतेत असते.

दुसरी गोष्ट श्रमविभागाची. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा देशातील प्रत्येक हिशेबप्रणालीस आपली रचना बदलावी लागली. ईआरपीनेक्स्टमध्ये या कराची सोय झाली. परंतु पुढे हा भाग मूळ प्रणालीतून निराळा काढून ‘इंडिया कंप्लायन्स’ या स्वतंत्र मुक्तस्रोत रचनेत गेला. तिची जबाबदारी मूळ कंपनीबाहेरच्या तंत्रज्ञांनी पत्करली. कर्मचारी व वेतन यांचा भागही २०२२ मध्ये असाच वेगळा झाला. केंद्राने अधिकार सोडल्यावाचून समुदाय वाढत नाही, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

तिसरी गोष्ट संस्थेची. जँगोच्या पुरस्कर्त्यांनी २००८ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापिले. भारतात २०२० मध्ये ‘फॉस युनायटेड’ हे ना-नफा प्रतिष्ठान उदयास आले. त्यामागे फ्रॅपे व ‘झेरोधा’ या कंपन्यांचा पुढाकार होता. शहरोशहरी मेळावे, आज्ञावलीलेखनाच्या स्पर्धा, प्रकल्पांना अर्थसाहाय्य आणि वार्षिक परिषद असे त्याचे कार्य आहे. एका चौकटीचा प्रसार हा त्याचा उद्देश नाही. समग्र मुक्तस्रोत परंपरेची मशागत हा आहे. पीक कोणाचेही असो, जमिनीचा कस वाढला तर सर्वांचेच भले होते.

येथपर्यंतचा इतिहास मुंबई, पुणे व बेंगळुरू यांचा झाला. परीक्षा मात्र अन्यत्र आहे. अहिल्यानगर शहराला लागून पुणे रस्त्यावर असलेले केडगाव घ्यावे. अशा उपनगरातील एखाद्या शेतीअवजारांच्या दुकानदारास साठ्याची नोंद, उधारीचा हिशेब व कराचे विवरण यांची गरज मुंबईच्या व्यापाऱ्याइतकीच असते. प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे, संहिता खुली आहे. मग अंतर कशाचे? पुष्कळ अंशी ते भाषेचे होय. चौकटीचे मार्गदर्शक लेखन व जाणत्यांची चर्चा प्रामुख्याने इंग्रजीत चालते. प्रणालीच्या अनुवादांत मराठीची फाईल आहे. परंतु पडद्यावरील शब्द मराठी होणे निराळे आणि त्या शब्दांमागील व्यवहार मराठीत समजावून देणे निराळे. ‘क्रेडिट नोट’साठी प्रतिशब्द बनविता येतो, तो दुकानदाराच्या जिभेवर रुळतो की नाही, हे मात्र कोश ठरवीत नाही, दुकान ठरविते. ‘खतावणी’, ‘रोजमेळ’, ‘येणे’, ‘देणे’ असे शब्द बाजारात पिढ्यान् पिढ्या वावरत आले आहेत. अनुवादकाने प्रथम त्यांच्याकडे जावयास हवे.

मराठीस या क्षेत्रात पूर्वपुण्याई नाही असे नाही. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर उभा आहे. केंद्र शासनानेही २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. उणीव आहे ती या प्रयत्नांना जोडणाऱ्या मराठी मार्गदर्शक लेखनाची. जँगोची कीर्ती तिच्या रचनेइतकीच तिच्या सुबोध दस्तऐवजांमुळे पसरली, हे या संदर्भात विसरता येत नाही.

मुक्तस्रोत चौकटीचा समुदाय किती मोठा, हे सामान्यतः संहितेत भर घालणाऱ्यांच्या संख्येवरून मोजले जाते. हे मोजमाप खोटे नाही, पण अपुरे आहे. परवाना वाचण्याचा हक्क देतो, वाचण्याची क्षमता देत नाही. ती क्षमता देणारा शिक्षक, अनुवादक व टिपणकार हाही त्या समुदायाचा पूर्ण सभासद होय. त्याची गणना ज्या दिवशी होऊ लागेल, त्या दिवशी केडगावच्या दुकानात बसून चौकटीतील दोष दाखविणारा मनुष्यही या इतिहासात आपोआप दाखल होईल.