पदवीच्या अटी आणि रानातली शाळा

१८३१ सालच्या जानेवारी महिन्यात इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाच्या साध्या बी.ए. परीक्षेत एका तरुणाचा दहावा क्रमांक आला. त्याचे नाव चार्ल्स डार्विन. सजीवसृष्टी कशी उत्क्रांत होत गेली हे पुढे ज्याने जगाला सांगितले, तोच हा डार्विन. तुम्ही म्हणाल, मग त्याने प्राणी आणि वनस्पती यांचाच अभ्यास करून पदवी मिळवली असणार! पण तसे नाही. त्या पदवीला काय लागत होते ते पाहा. युक्लिडची भूमिती, थोडे बीजगणित, ग्रीक व लॅटिन ग्रंथ आणि पेली नावाच्या धर्मोपदेशकाची नीतीवरची व ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवरची पुस्तके. शिवाय ठरावीक सत्रे कॉलेजात राहण्याची अट होतीच. परीक्षा उरकली तरी सत्रे भरायची म्हणून डार्विनला जूनपर्यंत तिथेच थांबावे लागले. रानातले झाड किंवा किडा ओळखता येतो का, हे मात्र त्याला कोणी विचारले नाही.

मग ही विद्या तो शिकला कुठे? केंब्रिजला जॉन हेन्स्लो नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची व्याख्याने पदवीच्या परीक्षेला लागत नसत. ज्याला गोडी त्याने यावे. डार्विन तीन वर्षे जाऊन बसला. हेन्स्लो नुसते फळ्यापाशी शिकवीत नसत. ते मुलांना कधी पायी, कधी गाडीतून, तर कधी नदीतून नावेने बाहेर नेत आणि वाटेत जे झाड, जो प्राणी दिसेल त्याच्यावर बोलत. ‘बीगल’ जहाजावर निसर्गाचा अभ्यासक हवा आहे असे कळले, तेव्हा हेन्स्लोंनी याच विद्यार्थ्याचे नाव सुचवले. २७ डिसेंबर १८३१ रोजी ते जहाज निघाले. डार्विनच्या कामी आली ती पदवीबाहेरची विद्या!

विद्यापीठाला हे उमगायला वेळ लागला. निसर्गविज्ञानाची स्वतंत्र परीक्षा सुरू करण्याचे केंब्रिजने १८४८ मध्ये ठरवले आणि ती प्रथम १८५१ मध्ये घेतली.

इकडे हेन्स्लो सफोक परगण्यातील हिचम या खेड्यात धर्मोपदेशक म्हणून राहायला गेले होते. गावातल्या शेतकऱ्यांना ते सांगत, खताचे प्रयोग आपापल्या शेतात करून पाहा. आणि गावच्या शाळेत, मजुरांच्या पोरांना, त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवायला घेतले. मुले रानफुले गोळा करून आणीत, फुलाचा एकेक भाग सुटा करीत आणि पाकळ्या किती, पुंकेसर किती, हे तक्त्यात मांडीत. केंब्रिजच्या बी.ए.ला जे लागत नव्हते, ते हिचमची पोरे करीत होती.

पुढचे मोठे पाऊलही शाळामास्तरांमुळेच पडले, हे आपल्यापैकी शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टॉमस हेन्री हक्सले यांनी लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन भागात शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले. आधी व्याख्यान, मग लगेच प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट आणि अमीबा पाहायचा, नेचे, घेवडा, शिंपला, बेडूक स्वतःच्या हाताने उकलायचा. या अभ्यासक्रमाचे पुस्तक हक्सले आणि त्यांचे सहकारी मार्टिन यांनी १८७५ मध्ये काढले. पुढच्याच वर्षी मार्टिन अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि ही रीत तिथेही पोचली.

सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचे शास्त्र मात्र अजून बाल्यात होते. त्याला ‘इकॉलॉजी’ हे नाव दिले जर्मनीच्या हेकेल यांनी, १८६६ मध्ये. आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत इकॉलॉजी आणि उत्क्रांती यांची मिळून एक पदवी आहे. तिच्यासाठी रसायन, पदार्थविज्ञान, गणित, संख्याशास्त्र आणि आनुवंशिकी यांचा पाया आधी घालावा लागतो. प्रयोगशाळा तर सक्तीचीच. पुष्कळ ठिकाणी रानातले कामही पदवीत धरले जाते. हेन्स्लोंची हौस अशी अभ्यासक्रमाची अट झाली.

याच परंपरेतला एक माणूस आपल्या मुंबईतही येऊन गेला. हक्सलेंचे विद्यार्थी पॅट्रिक गेडिस स्कॉटलंडात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. डोंगरापासून समुद्रापर्यंतचे खोरे, त्यातली माती, झाडे आणि माणसांचे धंदे एकत्र पाहावेत, ही त्यांची शिकवण. गंमत अशी की या गेडिसांनी स्वतः कधी पदवी घेतली नव्हती!

म्हणून पदवी फुकट, असे कोणी समजू नये. आजच्या शास्त्राला गणित आणि रसायन हवेच. तेवढ्यासाठी कॉलेजची पायरी चढलीच पाहिजे. पण त्या पायरीपर्यंत येणाऱ्या मुलाची नजर आधी तयार झालेली असावी, आणि ते काम गावच्या शाळेचे आहे. त्याला पैसा लागत नाही. शाळेजवळचा एखादा बांध किंवा ओढ्याचा काठ निवडावा. दर आठवड्याला मुलांना तिथे न्यावे. कोणती वनस्पती फुलली, तिच्यावर कोणता कीटक बसला, पहिला पाऊस पडल्यावर काय उगवले, हे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की मुलेच विचारू लागतील, यंदा हे फूल उशिरा का आले? शास्त्राला सुरुवात होते ती अशाच प्रश्नापासून.