व्हालेंतिना सेरोव्हा

व्हालेंतिना सेरोव्हा ही १९४० च्या दशकातली सोव्हिएत रंगभूमी आणि चित्रपटांतली अतिशय लोकप्रिय अभिनेत्री. जन्म खारकोव्हचा. आई क्लावदिया पोलोविकोव्हा स्वतः नाट्य-अभिनेत्री होती, त्यामुळे मुलगी लहानपणीच मॉस्कोच्या रंगमंचावर उभी राहिली. पुढे ती लेनिन कोम्सोमोल नाट्यगृहाच्या मंडळीत आली.

१९३८ मध्ये तिने अनातोली सेरोव्ह या वैमानिकाशी लग्न केले. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेला सेरोव्ह ‘सोव्हिएत संघाचा वीर’ या किताबाचा मानकरी होता. लग्नाला जेमतेम वर्ष झाले आणि ११ मे १९३९ रोजी विमान कोसळून तो मरण पावला. सोबत पोलिना ओसिपेन्को ही नामवंत वैमानिकही गेली. दोघांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या. त्या वेळी व्हालेंतिना गरोदर होती. सप्टेंबरमध्ये मुलगा झाला, त्याला तिने वडिलांचेच नाव दिले. त्याच वर्षी आलेल्या ‘देवुश्का स खाराक्तेरोम’ या विनोदी चित्रपटाने तिला देशभर ओळख मिळवून दिली. त्यातली कात्या इव्हानोव्हा अतिपूर्वेकडच्या सरकारी शेतावरून तक्रार घेऊन मॉस्कोला येते आणि तिथल्या मुलींना आपल्याकडे यायला उद्युक्त करते. सेरोव्हाचा मोकळा, किंचित हट्टी स्वभाव या भूमिकेत पुरेपूर उतरला आहे.

कवी आणि नाटककार कोन्स्तांतिन सिमोनोव्ह तिच्या प्रेमात पडला तो नाट्यगृहात. तिच्या प्रयोगांना तो पुढच्या रांगेत फुले घेऊन बसत असे. तो विवाहित होता, त्याला मुलगाही होता. सेरोव्हाने त्याला लगेच जवळ केले नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात युद्ध सुरू झाले आणि सिमोनोव्ह वार्ताहर म्हणून आघाडीवर गेला. तिथून परतल्यावर मॉस्कोजवळच्या पेरेदेल्किनोला, लेखक लेव्ह कासिलच्या घरी, त्याने तिला उद्देशून ‘झ्दी मेन्या’ (माझी वाट पाहा) ही कविता लिहिली. १४ जानेवारी १९४२ रोजी ती ‘प्राव्दा’ या दैनिकात छापून आली. खंदकातले जवान कात्रणे काढून ती खिशात बाळगू लागले, पत्रांतून घरी पाठवू लागले. एका बाईला लिहिलेली ही खासगी विनवणी लाखो कुटुंबांची झाली.

कवितेच्याच नावाचा चित्रपट १९४३ मध्ये अल्मा-अताला तयार झाला, कारण मॉस्कोचे स्टुडिओ तिकडे हलवले होते. शत्रूच्या मुलुखात विमान पडलेल्या वैमानिकाची पत्नी लिझा तो जिवंत आहे असे धरून चालते. ही भूमिका सेरोव्हाने केली. तिचा स्वतःचा वैमानिक पती परतला नव्हता, हे प्रेक्षकांना माहीत होते. तिचा अभिनय जोरकस नाही, संयत आहे, आणि म्हणूनच तो आजही पटतो. १९४१ मध्ये पुरा होऊनही अडकवून ठेवलेला तिचा ‘सेर्द्त्सा चेतिर्योख’ हा चित्रपट १९४५ मध्ये प्रदर्शित झाला. ‘ग्लिंका’ या चित्रपटातल्या भूमिकेसाठी तिला स्तालिन पुरस्कार मिळाला.

सिमोनोव्हशी तिचे लग्न १९४३ मध्ये झाले. सिमोनोव्ह सरकारदरबारी मोठा झाला, सतत प्रवासात राहू लागला. तिला दारूचे व्यसन जडले आणि भूमिका कमी होत गेल्या. १९५० मध्ये मुलगी मारिया झाली, तरी संसार सावरला नाही. १९५७ मध्ये घटस्फोट झाला. पुढे सिमोनोव्हने आपल्या पुस्तकांतल्या तिच्या नावाच्या बहुतेक अर्पणओळी काढून टाकल्या. ‘झ्दी मेन्या’वर मात्र तिची आद्याक्षरे राहिली.

शेवटची वर्षे हलाखीत गेली. १९७३ च्या ‘देती व्हान्युशिना’ या चित्रपटात ती पडद्यावर दिसली. १९७५ च्या उन्हाळ्यात मुलगा अनातोली वारला, आणि डिसेंबरमध्ये मॉस्कोत तिचेही निधन झाले. सिमोनोव्ह अंत्यविधीला आला नाही, त्याने गुलाब पाठवले. तिला गोलोव्हिन्स्कोये दफनभूमीत पुरण्यात आले. सिमोनोव्ह १९७९ मध्ये गेला.