गावकूस आणि दहा बाय सोळाची खोली

मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गिरण्या लिहिल्या, संप लिहिले, शेठजींचे बंगले लिहिले. गावकुसाबाहेरची माणसं इथं आली आणि त्यांनी बिऱ्हाड कसं लावलं, हे फारसं कुणी लिहिलं नाही. भांडी मांडणं, चूल लावणं हा बायकांचा विषय. त्यात कसला आलाय इतिहास, असं त्यांना वाटत असावं. आपल्याकडं मात्र घर बदलणं ही साधी गोष्ट कधीच नव्हती. आपण कुठं राहायचं हे गावानं पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेलं. ती जागा सोडणं म्हणजे गावाचा हुकूम मोडणं. म्हणून एका खोलीचा इतिहास इथं मांडतो.

आधी सरकारी बाजू. १९२० साली, जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना, मुंबई सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्यावरून 'बीडीडी' हे नाव. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता. तो तडीला गेला नाही. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्याला २० खोल्या, चाळीला ८०. खोली दहा बाय सोळा, म्हणजे १६० चौरस फूट. संडास सामाईक. पहिली काही वर्षं या काँक्रीटच्या खोल्या कामगारांनाही नको होत्या. भाडं परवडेना, आत उजेड नाही. कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारनं वरळीच्या काही चाळींचा तुरुंगच केला. कैदी ठेवायला बऱ्या वाटलेल्या त्या वास्तूत पुढं आमची बिऱ्हाडं लागली.

आमचा आज्जा सातारा जिल्ह्यातला. १९३८ साली आजीला आणि दोन पोरांना घेऊन वरळीला आला. महारकीचं वतन कायद्यानं रद्द झालं १९५८ साली. आज्ज्यानं ते वीस वर्षं आधी पायानंच सोडलं. सामान किती? एक वळकटी, पाटा-वरवंटा, दोन पितळ्या आणि एक घागर. गिरणीत तो रिंगखात्यात लागला. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. गावातला पाणवठा गिरणीत असा धोट्यात येऊन बसला होता.

आजी सांगायची ती पहिल्या दिवसाची गोष्ट. घागर घेऊन ती नळावर गेली आणि बाजूला उभीच राहिली. कुणी येईल आणि वरून पाणी वाढील, म्हणून. शेजारची बाई म्हणाली, "अगं उबी का? चावी फिरव की." आजीनं विचारलं, "कुनाला इचारू?" ती बाई हसली, मग गप झाली. तीही कधीतरी अशीच उभी राहिलेली असणार. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली होती. अकरा वर्षांनी आजीनं विनापरवाना घागर भरली. कुठल्या दप्तरात याची नोंद नाही.

पण नळ आपला होता, कारण चाळच आपल्या लोकांची होती. आमच्या चाळीत आपली माणसं, पलीकडच्या चाळींत सवर्ण. मधे दहा-पंधरा पावलांची मोकळी जागा. तेवढंच मुंबईतलं गावकूस. शिकलेल्या माणसालाही ते चुकलं नव्हतं. बाबासाहेब अमेरिका-विलायतेत शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या दाखवून बाहेर काढलं. परळच्या इंप्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांनी आयुष्याची सुमारे बावीस वर्षं काढली. दादरचं राजगृह उभं राहिलं ते त्यानंतर, आणि ते बांधताना आधी पुस्तकांची जागा बघितली गेली.

आमच्या खोलीत आधी माणसांची जागा बघावी लागे. घरची सात, आणि गावाकडून कामाला आलेले चारपाच जण कायम वस्तीला. आजी त्यांना जेवण घाली, ते महिन्याला पैसे देत. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वाकळेत शिरे. मोरीपुढं जुन्या लुगड्याचा पडदा, वर फळ्यांचा पोटमाळा, उन्हाळ्यात झोपायला गॅलरी. बाळंतपण झालं की पुरुष आठवडाभर जिन्यात झोपत. १९५६ साली धम्म घेतला तेव्हा आजीनं देव्हारा काढला. तेवढाच भिंतीचा कोपरा मोकळा झाला. तिथं बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली आणि खाली माझी शाळेची पुस्तकं. मी लिहायला-वाचायला शिकलो तो त्याच दीड हात जागेत.

५ जानेवारी १९७४ ला वरळीत दलित पँथरची सभा झाली. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या आल्या. मग चाळीचाळींत दंगल पेटली आणि नायगावपर्यंत गेली. १० जानेवारीला परळला मोर्चावर इमारतीवरून दगड आला, त्यात भागवत जाधव गेले. त्या महिन्यांत ती मधली दहा-पंधरा पावलं ओलांडता येत नव्हती. छत्तीस वर्षं मुंबईचं पाणी प्यालेली आजी तेव्हा म्हणाली, "गाव आपल्या पाठनंच आलंया रं." १९८२ चा संप आला तेव्हा दोन्ही बाजूंच्या चुली एकदमच विझल्या. उपासाला जात लागली नाही, भाकरीला लागते.

आता या चाळी पाडून टॉवर होताहेत. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. चाळीस मजल्यांची इमारत, घर ५०० चौरस फुटांचं. आमच्या नात्यातलं एक कुटुंब त्यात गेलं. नळ घरात, संडास घरात. सूनबाई पहिल्या दिवशी दोन्ही नळ सोडून नुसती बघत बसली. आनंद आहे, का नसावा? शंभर वर्षांचं भाडं आपण घामानं भरलं आहे. कुणी उपकार केलेला नाही.

पण दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघायच्या. घरं सोडतीनं वाटली, म्हणून एकाच मजल्यावर आता निरनिराळ्या जातींची दारं आली. मधली मोकळी जागा गेली. गावकूस गेलं की ते दाराच्या उंबऱ्याशी येऊन बसलं, हे लग्नकार्यात आणि आजारपणात कळेल. आणि लिफ्टचा, पंपाचा खर्च महिन्याच्या महिन्याला येत राहणार. तो झेपला नाही म्हणून आपल्या माणसानं घर विकून विरार-बदलापूर गाठलं, तर नव्वद वर्षांनी पुन्हा वळकटी उचलल्यासारखंच होईल.

चाळ पाडण्याआधी सरकारनं खोल्या मोजल्या, पावत्या तपासल्या. आपली मोजणी आपण करायची. प्रत्येक खोलीत कोण कुठल्या गावाहून आलं, घागर पहिल्यांदा कुणी भरली, देव कधी काढले, वस्तीला कोण राहून शिकलं, हे म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवा. बुलडोझर यायच्या आधी उतरवा.