की-६७ चा पत्ता

करंजाड्यात घर सांगताना गल्लीचं नाव कुणी घेत नाही. सेक्टर आणि प्लॉटचा आकडा सांगतात. सिडकोच्या वसाहतीची ही सवय इतकी मुरली आहे, की मामांच्या पचनसंस्थेतल्या न्यूरोएंडोक्राइन गाठीच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘की-६७ : ४ टक्के’ वाचून मला तो प्लॉट नंबरच वाटला. शोधलं, तर खरोखर पत्ताच निघाला!

आधी मी ‘की’चा संबंध ‘कायनेटिक’शी, म्हणजे गतीशी लावला होता. गाठीची वाढच तो मोजतो ना! पण ‘की’ म्हणजे जर्मनीतलं कील शहर. १९८३ साली तिथे योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी हॉजकिन लिम्फोमाच्या पेशींची केंद्रकं उंदरांना टोचून प्रतिपिंडं मिळवली. ९६ खळग्यांच्या तबकडीत ६७व्या खळग्यातलं प्रतिपिंड विभाजनाच्या चक्रातल्याच पेशींची केंद्रकं रंगवत होतं. गाव आणि खळगा, एवढंच नाव.

मामांसारख्या गाठींना त्याआधी मिळालेलं नाव उलट्या स्वभावाचं. १९०७ साली ओबर्नडॉर्फर यांनी म्युनिकमध्ये लहान आतड्यातल्या अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’ म्हटलं: कर्करोगासारखं, पण कर्करोग नव्हे. नावातच निकाल! १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच मान्य केलं की या गाठी घातकही असतात, पसरतात. तरी ‘सौम्य’ हा समज अनेक दशकं रेंगाळला.

म्हणून माझं म्हणणं असं, की काहीच दावा न करणारं नाव वर्गीकरणाला जास्त मानवतं. कुणी म्हणेल, नावाचं काय, आकडा मोजता येतो हे खरं कारण. पण पेशींची विभाजनंही मोजता येतात आणि श्रेणी ठरवताना मोजतातही. फुफ्फुसात तर ‘कार्सिनॉइड’ अजून अधिकृत आहे आणि तिथे प्रकार ठरतो तो विभाजनं आणि मृत पेशींचे पुंजके पाहून. की-६७ अधिकृत निकषांत नाही. जुनं नाव जिथे ठाण मांडून बसलं, तिथे नव्या पत्त्याला दार उघडलं नाही, असंच मला वाटतं.

पचनसंस्थेत मात्र तो घरचा झाला. सर्वाधिक रंगलेल्या भागातल्या किमान ५०० पेशी मोजायच्या. ३ टक्क्यांखाली पहिली श्रेणी, ३ ते २० दुसरी, त्यापुढे तिसरी. तिसरीत एकटा आकडा अपुरा पडतो. स्वादुपिंडासाठी २०१७ मध्ये आणि पुढे २०१९ मध्ये साऱ्या पचनसंस्थेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुविभेदित, म्हणजे मूळ पेशींचं वळण राखलेल्या गाठी आणि आक्रमक कार्सिनोमा वेगळे केले. कारण दोघांची औषधंही वेगळी.

मामांच्या रिपोर्टवर आकड्याच्या वरच्या ओळीत ‘सुविभेदित’ या अर्थाचा शब्द होता. दोन्ही मिळून दुसरी श्रेणी. मी आधी फक्त आकडाच वाचला होता.